पेढीवरील माणसास 'थांबा' म्हणू द्या



दरसाल या स्मरणिकेत बाजारभाव, अडतीचे नियम, करांचे ओझे अशा विषयांवर जाणकार मंडळी लिहीत असतात. आमचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे नाही व आमच्या लेखणीस कीर्द-खतावणीखेरीज दुसरे वळण नाही. तरीही यंदा चार शब्द लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. याचे कारण असे की, आमच्या पेढीवर जे घडले ते उद्या आपल्यापैकी कोणाच्याही पेढीवर घडू शकेल. ते झाकून ठेवले तर आमची अब्रू कदाचित राहील. परंतु आपले पैसे राहणार नाहीत.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही सहकुटुंब श्रवणबेळगोळच्या यात्रेस गेलो होतो. पेढी दिवाणजींच्या स्वाधीन होती. दिवाणजी आमच्याकडे सत्तावीस वर्षे आहेत. त्यांच्या हिशेबात एका पैशाची चूक आम्हांस कधी आढळली नाही. दुपारी बाराच्या सुमारास त्यांच्या मोबाइलवर एका अनोळखी क्रमांकावरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आमचाच चेहरा होता, आवाजही आमचाच होता. दहा-बारा सेकंदांनंतर 'येथे रेंज नाही' असे म्हणून चित्र बंद झाले व बोलणे तेवढे चालू राहिले. आमचा फोन बिघडला असून हा क्रमांक दुसऱ्या यात्रेकरूचा आहे. कलबुर्गीच्या तूरवाल्याचे चार लाख साठ हजार आजच गेले पाहिजेत, न गेल्यास सौदा मोडेल. त्याने बँक बदलली आहे, नवे खाते लिहून घ्या. आणि ही गोष्ट तूर्त कोणाजवळ बोलू नका. दिवाणजींनी पंधरा मिनिटांत रक्कम पाठविली.

सायंकाळी त्यांनी आमच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करून 'पैसे पोहोचले का, याची तूरवाल्याकडे चौकशी करू का?' असे विचारले, तेव्हा सारा प्रकार उघडकीस आला. आमच्या मुलाने तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली. तोवर दोन लाख सत्तर हजार रुपये एका खात्यातून दुसऱ्यात व तेथून तिसऱ्यात जाऊन नाहीसे झाले होते. एक लाख नव्वद हजार तेवढे बँकेत रोखले गेले व काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाले. आमचा चेहरा व आवाज त्या भामट्यांस कोठून मिळाला, याचा शोध घेता असे दिसून आले की, आपल्याच संघाच्या संमेलनात आम्ही केलेले वीस मिनिटांचे भाषण कोणीतरी कौतुकाने यूट्यूबवर ठेवले होते. एवढा मालमसाला नक्कल करण्यास पुरेसा असतो, असे पोलिसांनी आम्हांस सांगितले.

यात्रेहून परतल्यावर आम्ही दिवाणजींस हमालांसमक्ष नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी ते घरची पासबुके घेऊन आले व 'सावकार, उरलेले माझ्या पगारातून कापून घ्या' असे म्हणाले. त्या क्षणी आम्हांस आमचीच लाज वाटली. आम्ही त्यांना बसवून घेतले व विचारले, 'तुम्हांस काहीच संशय आला नाही का?' ते म्हणाले, 'आला होता. आपण माझ्याशी नेहमी कन्नडमध्ये बोलता. त्या दिवशी आपण भाषणातल्यासारखे शुद्ध मराठी बोललात.' आम्ही म्हटले, 'मग विचारले का नाही?' यावर त्यांनी खाली मान घालून दिलेले उत्तर आम्ही जन्मभर विसरणार नाही. '२०१९ च्या पुराच्या वेळी आपण बाहेरगावाहून पैसे पाठविण्यास सांगितले होते. खात्री करावी म्हणून मी पुन्हा फोन केला, तेव्हा आपण म्हणालात, विचारू नका, सांगितले तेवढे करा. तेव्हापासून मी विचारत नाही.'

बंधूंनो, भामट्याने आमचा चेहरा चोरला हे खरे. परंतु दिवाणजींचे तोंड आम्हीच बंद करून ठेवले होते.

ही गोष्ट केवळ संकेश्वरसारख्या लहान गावच्या पेढीची आहे, असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधील एका संचालकास अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर निरोप आले आणि त्यावरून कंपनीच्या लोकांनी एक कोटी एक लाखाहून अधिक रुपये निरनिराळ्या खात्यांत पाठविले. साऱ्या जगास लस पुरविणारी संस्था ती. तेथे शिकलेल्या माणसांची वाण नव्हती. तेथे तर चेहराही दाखवावा लागला नाही, नाव पुरले. पुढे चेहरेही आले. जुलै २०२३ मध्ये केरळातील कोळिकोड येथे एका निवृत्त गृहस्थास जुन्या सहकाऱ्याचा चेहरा व्हिडिओ कॉलवर दिसला व त्यांनी चाळीस हजार रुपये पाठविले. लगेच आणखी पैशांची मागणी आली, तेव्हा त्यांनी मित्राच्या जुन्या, ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन लावला आणि कपट उघडे पडले.

याहून मोठे उदाहरण हाँगकाँगचे आहे. २०२४ च्या प्रारंभी तेथील अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्यास गुप्त व्यवहाराबाबत ई-मेल आली. त्यास संशय आला. परंतु नंतर व्हिडिओ बैठकीत कंपनीचे अर्थप्रमुख व इतर ओळखीचे सहकारी प्रत्यक्ष दिसल्याने त्याचा संशय फिटला आणि त्याने पंधरा वेळा मिळून वीस कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे आपल्या दोनशे कोटी रुपयांहून अधिक रक्कम, पाठविली. त्या बैठकीत त्याच्याखेरीज एकही माणूस खरा नव्हता.

या ठिकाणी वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. हाँगकाँगच्या कर्मचाऱ्यास संशय आला होता आणि आमच्या दिवाणजींसही आला होता. कुलूप फोडण्यापेक्षा ज्याच्या हाती किल्ली आहे त्या माणसास भुलविणे भामट्यास सोपे जाते, आणि माणसास भुलविण्याची त्याची साधने तीनच आहेत : अधिकार, घाई व गुप्तता. धन्याचा अथवा अधिकाऱ्याचा चेहरा हा अधिकार, 'आत्ताच पाठवा' ही घाई आणि 'कोणास सांगू नका' ही गुप्तता. आपल्या पेढ्यांवर या तिन्ही गोष्टी आपणच रोज शिकवीत असतो. जो नोकर मालकाच्या शब्दाखातर प्रश्न न करता धावतो, त्याचीच आपण वाखाणणी करतो. सबब भामट्यास नवे काही शिकवावे लागत नाही. आपण तयार केलेल्या गड्यास तो आपल्याच आवाजात हाक मारतो.

कित्येकजण म्हणतील, 'आमची माणसे प्रामाणिक आहेत, आम्हांस चिंता नाही.' आमचे म्हणणे असे की, या संकटात प्रामाणिक माणूसच आधी सापडतो. जो स्वतः लबाड आहे त्यास दुसऱ्याची लबाडी चटकन उमगते. प्रामाणिक माणूस समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो व आज्ञा पाळणे हा आपला धर्म समजतो. म्हणून प्रामाणिकपणास शिक्षणाची जोड हवी.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की, व्यापार हा विश्वासावर चालतो. दर घडीला खात्री करीत बसल्यास तो चालावयाचा कसा? यावर आम्ही आपल्याच पूर्वजांची आठवण देऊ इच्छितो. त्यांचा विश्वास आंधळा नव्हता. हुंडी लिहिताना रक्कम अंकी व अक्षरी लिहीत, शिवाय तिचे निमे किती व निम्याचे दुप्पट किती, हेही लिहीत. हेतू हा की, मध्ये कोणी आकडा फिरवू नये. शहाजोग हुंडीचे पैसे येईल त्याच्या हाती पडत नसत; बाजारात ज्याची पत ठाऊक आहे अशा शहाच्याच हाती ते दिले जात. हुंडी हरवल्यास पैठ व तीही हरवल्यास परपैठ लिहून देण्याची रीत होती. एका कागदावर न विसंबता दुसऱ्या वाटेने खात्री करून घेणे, हे त्या व्यवहाराचे मर्म होते. अशी खात्री करण्यात कोणी कोणाचा अपमान मानीत नसे.

आपल्या धान्याच्या धंद्यात तर हे रोजचेच आहे. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावरून आपण सौदा करतो का? पोत्यात परखी घालून मधला दाणा तळहातावर घेतल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. मग पोते सख्ख्या भावाचे का असेना. व्हिडिओ कॉलवरचा चेहरा हा पोत्याच्या तोंडाशी पसरलेला दाणा आहे, एवढेच आपल्या माणसांस समजावून सांगावयाचे आहे. आपल्या आचार्यांनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'प्रतिरूपकव्यवहार' हा एक आहे. खऱ्यासारखे दिसणारे खोटे खऱ्याच्या भावात खपविणे, असा त्याचा आशय आपण लहानपणापासून ऐकत आलो. पूर्वी तो शब्द तुपातील व धान्यातील भेसळीस लावीत; आता माणसाच्या चेहऱ्यातही भेसळ होऊ लागली आहे.

केवळ धन्याच्या सोंगाची भीती आहे असे नव्हे. सरकारचे सोंग त्याहून भयंकर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख श्रीपाल ओसवाल यांस सीबीआयचे अधिकारी म्हणविणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर दोन दिवस जणू कैदेत ठेवले, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखविली व सात कोटी रुपये उकळले. पुढे पोलिसांनी त्यांपैकी सव्वापाच कोटी परत मिळविले. पद्मभूषण किताबाचे मानकरी, एवढ्या मोठ्या उद्योगाचे धनी. त्यांनी आपली हकीकत उघडपणे सांगितली, हे त्यांचे आपल्या सर्वांवर उपकार आहेत. परंतु जे सांगू शकत नाहीत त्यांचे काय? आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मार्च २०२५ मध्ये एका वृद्ध दांपत्याने अशाच छळास कंटाळून जीवनाचा अंत केला. पैसा पुन्हा मिळविता येतो. ती दोन माणसे परत येणार नाहीत. त्यांनी शेजारी एका माणसाजवळ जरी मन मोकळे केले असते तरी, असा विचार मनात येऊन काळजात कालवाकालव होते.

म्हणून आपल्या घरी व पेढीवर सर्वांस स्पष्ट सांगून ठेवावे की, व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजी 'मन की बात'मध्ये हीच गोष्ट सांगितली होती. आणि १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जातीच्या फसवणुकीचा तपास सीबीआयकडे सोपविला. कराच्या नोटिशीचेही तसेच. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या उलाढालीवरून कर्नाटकातील लहान व्यापाऱ्यांस जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हापासून बाजारात जी धास्ती बसली आहे, तिचा लाभ घेण्यास भामटे टपलेले असणारच. खरी नोटीस कागदावर अथवा पोर्टलवर येते, तिच्यावर पडताळून पाहता येईल असा क्रमांक असतो व उत्तर देण्यास मुदत असते. कॉल चालू ठेवून 'लगेच भरा' असे जो म्हणतो, तो अधिकारी नव्हे.

आता, आम्ही आमच्या पेढीवर काय केले ते सांगतो. उपाय साधे आहेत, खर्च काहीच नाही.

पहिली गोष्ट ही की, फोनवरून अथवा व्हिडिओ कॉलवरून आलेल्या आज्ञेवर पैसे पाठवावयाचे नाहीत व कोणाचे खाते बदलावयाचे नाही. कॉल बंद करावयाचा आणि गादीजवळच्या वहीत आमच्या हस्ताक्षरात लिहिलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन लावावयाचा. ज्या क्रमांकावरून कॉल आला त्यावर उलट फोन करणे म्हणजे चोरासच चोरीची साक्ष विचारणे होय. समोरच्या व्यापाऱ्याचे खाते बदलल्याचा निरोप असेल, तर त्या व्यापाऱ्याच्याही जुन्या क्रमांकावर विचारावयाचे. दुसरी गोष्ट, पन्नास हजारांवरील रक्कम एकट्याने पाठवावयाची नाही. दुसऱ्या माणसाने खाते क्रमांक वाचून होकार दिला पाहिजे. तिसरी, आमच्या घरात व पेढीत एक खूणशब्द ठरला आहे. तो कोणत्याही फोनमध्ये लिहिलेला नाही. वहीपूजनाच्या दिवशी तो तोंडी बदलला जातो. चौथी, कॉलवर असताना कोणी कितीही आग्रह केला तरी आपल्या फोनचा पडदा त्यास दाखवावयाचा नाही, ओटीपी सांगावयाचा नाही व त्याने पाठविलेले ॲप उतरवून घ्यावयाचे नाही. पाचवी, 'कोणास सांगू नका' हे शब्द कानी पडताच पहिल्या भेटेल त्या माणसास हाक मारून सांगावयाचे.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चूक झाली असे ध्यानात येताच क्षणाचाही विलंब न लावता १९३० क्रमांकावर व बँकेत कळवावयाचे. आणि ज्याने स्वतः होऊन कळविले त्यास कोणी एक शब्दही बोलावयाचा नाही. बोलणी खावी लागतील या भीतीने माणूस तासभर गप्प बसतो, आणि तेवढ्या तासात पैसे चार खाती फिरतात. धन्याचा राग त्या वेळी चोराच्याच उपयोगी पडतो.

हे नियम भिंतीवर लावून भागत नाही, त्यांचा सराव हवा. आमचा पुतण्या महिन्यातून एकदा, न कळविता, निरनिराळ्या क्रमांकांवरून पेढीवर फोन करतो. कधी बँकेचा साहेब होतो, कधी कर अधिकारी, कधी परगावचा अडत्या. जो फसला त्यास आम्ही हसत नाही. कोठे फसला ते सर्वांनी मिळून पाहतो. पहिल्या महिन्यात चारांपैकी तिघे फसले. आता हमालांचा मुकादमही विचारतो, 'साहेब, आपला नंबर आमच्या वहीत आहे का?'

परंतु खरी परीक्षा आमचीच झाली. गेल्या फाल्गुनात आम्ही पुण्यास मुलाकडे होतो. हरभऱ्याचा एक सौदा हाती आला होता. आमच्या फोनची बॅटरी संपली म्हणून आम्ही मुलाच्या मित्राच्या फोनवरून पेढीवर व्हिडिओ कॉल केला व इसार म्हणून दोन लाख पाठविण्यास सांगितले. हिशेबास नव्याने ठेवलेली मुलगी समोर होती. ती नम्रपणे म्हणाली, 'सावकार, खूणशब्द सांगा.' दिवाळीत आम्हीच ठरविलेला तो शब्द आमच्या काही केल्या आठवणीत येईना! आमचा आवाज चढला. ती म्हणाली, 'थांबा सावकार, मी वहीतल्या नंबरावर फोन करते,' आणि तिने कॉल बंद केला. आमचा फोन चालू होऊन तिचा फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात भाव क्विंटलमागे चाळीस रुपयांनी चढला आणि शंभर क्विंटलांच्या सौद्यात आमचे चार हजार रुपये गेले.

खोटे कशास बोलावे, पहिली दहा मिनिटे आम्हांस संताप आला होता. साठी उलटलेल्या माणसास त्याच्याच पेढीवरील काल आलेली पोर 'थांबा' म्हणते, हे पचनी पडणे सोपे नव्हे. मग दिवाणजींची ती पासबुके डोळ्यांपुढे आली. संकेश्वरास परतल्यावर आम्ही सर्वांसमक्ष त्या मुलीस शाबासकी दिली, आणि ते चार हजार रुपये दिवाणजींकडून खर्ची लिहवून घेतले. खाते कोणते, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, 'मालकाचे शिक्षण.'

आमची संघास नम्र सूचना आहे की, दरसाल वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी दिवाणजी, कारकून, गुमास्ते व घरची मंडळी यांच्यासाठी अर्ध्या दिवसाचा असा वर्ग मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत घ्यावा. त्यास पोलीस खात्याच्या जाणकार अधिकाऱ्यास पाचारण करावे, आणि ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांनी संकोच न करता तेथे आपली हकीकत सांगावी. आम्ही सर्वांत आधी उभे राहू. मात्र त्या वर्गास नोकरांबरोबर मालकांनीही बसले पाहिजे. नोकरास 'थांबा' म्हणावयास शिकविणे अर्ध्या दिवसाचे काम आहे; ते शांतपणे ऐकून घेण्यास मालकास अधिक वेळ लागतो, हा आमचा अनुभव आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतला असल्यास क्षमा असावी. जय जिनेंद्र.